तोफगोळा, टेकडी आणि संगणक

प्रथम वर्षाच्या चाचणी परीक्षेत मी एकदा एक साधा प्रश्न घातला होता. ६० मीटर उंचीच्या कड्यावरून सेकंदाला २० मीटर वेगाने एक दगड फेकायचा आहे. तो कड्याच्या पायथ्यापासून जास्तीत जास्त दूर पडावा यासाठी क्षितिजाशी ४५ अंशांचा कोन करून फेकावा, त्याहून जास्त कोन करून, की कमी? बहुतेकांनी '४५ अंश' असे ठोकून दिले. एका विद्यार्थ्याने मात्र उत्तराखाली आणखी एक वाक्य लिहिले होते : 'हे मी कॉम्प्युटर गेममध्ये स्वतः पाहिले आहे.'

उत्तर चूक होते, त्यामुळे गुण देता आले नाहीत. पण ते वाक्य मनातून जाईना. 'पुस्तकात दिले आहे', 'सरांनी सांगितले आहे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'स्वतः पाहिले आहे' असे म्हणणारा क्वचितच. आणि विज्ञानाची सुरुवात तर पाहण्यापासूनच होते. मग या मुलाने पाहिले तरी काय? मी त्याला बोलावून गेमचे नाव विचारले. 'सर, फार जुना आहे, तुम्हांला माहीत नसेल,' असे म्हणत त्याने नाव सांगितले : 'टोटल अ‍ॅनायहिलेशन'. मला हसू आले. माझ्या कॉलेजच्या दिवसांत एका मित्राच्या घरी या खेळापायी आम्ही कित्येक रात्री जागवल्या होत्या!

विद्यार्थी मित्रहो, या खेळाचे गुण आणि दोष आज आपण भौतिकशास्त्राच्या चष्म्यातून तपासणार आहोत. खेळ नुसता खेळण्यापेक्षा तो असा उलगडून पाहण्यात वेगळीच मौज आहे.

खेळ कसा आहे?

बुद्धिबळात एकाची खेळी झाली की दुसरा विचार करतो. या जातीच्या खेळात पाळी नसते. दोन्ही बाजू एकाच वेळी कारखाने उभारतात, सैन्य बनवतात आणि लढतात. तुम्ही डोके खाजवत बसलात तर शत्रू थांबत नाही. १९९२ साली आलेल्या 'ड्यून २' या गेमने ही पद्धत रूढ केली. 'टोटल अ‍ॅनायहिलेशन' १९९७ साली निघाला. अमेरिकेतील केव्हडॉग एंटरटेनमेंट या कंपनीने तो तयार केला आणि त्याचा मुख्य रचनाकार होता क्रिस टेलर. नावाचा अर्थ 'संपूर्ण विनाश' असा आहे.

कथा अशी. दूरच्या भविष्यकाळात माणसाचे मन यंत्रात उतरवण्याची युक्ती सापडते. 'कोअर' नावाची सत्ता ती सर्वांवर सक्तीने लादते. ज्यांना हे मान्य नाही, ते 'आर्म' या नावाने बंड करतात. चार हजार वर्षे युद्ध चालते आणि सारी आकाशगंगा उजाड होते. खेळाडूच्या हाती आरंभी एकच यंत्र असते, ते म्हणजे 'कमांडर', म्हणजे सेनापती. त्याने जमिनीतून धातू काढायचा, वीज निर्माण करायची, कारखाने बांधायचे आणि रणगाडे, विमाने, जहाजे व चालते यंत्रसैनिक तयार करायचे.

पहिला गुण : गोळा खरोखर उडतो

त्या काळच्या अनेक खेळांत तोफ उडाली की गोळा लक्ष्याला लागलाच असे धरले जाई. मधले उडणे केवळ चित्रापुरते. १९९८ सालच्या सुप्रसिद्ध 'स्टारक्राफ्ट'मध्ये उंचवट्यावरच्या शत्रूवर खालून मारा केला तर जवळजवळ निम्मे वार फुकट जातात. पण ते कोणत्या गणिताने? संगणक प्रत्येक वेळी जणू फासा टाकतो आणि लागले की चुकले ते ठरवतो.

'टोटल अ‍ॅनायहिलेशन'ने फासा बाजूला ठेवला. तोफेतून सुटलेला गोळा कुठे आहे, कोणत्या वेगाने जात आहे, याचा हिशेब संगणक क्षणाक्षणाला ठेवतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि वाट वाकते. वाटेत टेकडी आली तर गोळा टेकडीवर आदळतो; मोडलेल्या रणगाड्याचा सांगाडा आडवा आला तर त्यावर फुटतो. लक्ष्य झाडाआड असो वा पळत असो, गोळ्याला त्याचे सोयरसुतक नसते. चपळ गाडी असेल, तर मंद गोळा पोचेपर्यंत ती पुढे निघून गेलेली असते. शिवाय गुरुत्वाकर्षण किती, वारा किती, हे प्रत्येक नकाशासाठी वेगळे ठरवलेले असते, कारण प्रत्येक नकाशा म्हणजे एक निराळी भूमी.

मला आठवते, एकदा मी सारा धातू खर्चून सहा तोफा एका टेकडीच्या मागे मांडल्या. आडोसा उत्तम होता. शत्रू आला, तोफा गडगडल्या आणि सहाच्या सहा गोळे समोरच्याच उतारावर फुटले! मित्र पोट धरून हसला. त्या रात्री मी डाव हरलो. पण आडोसा आपले रक्षण करतो तसा आपला मारही अडवतो, हे कायमचे लक्षात राहिले.

गंमत अशी की पडद्यावरची ती टेकडी म्हणजे एक सपाट चित्र होते. मग गोळ्याला ती 'लागे' कशी? भूगोलाच्या तासाला तुम्ही समोच्च रेषांचा नकाशा पाहिला असेल. कागद सपाटच असतो, पण रेषांवरील आकड्यांनी डोंगर कळतो. संगणकानेही चित्राखाली असाच एक उंचीचा तक्ता दडवलेला असतो. गोळ्याची उंची त्या जागेच्या जमिनीच्या उंचीहून कमी झाली की तो आदळला असे समजायचे. चित्र सपाट असूनही हिशेब तिन्ही मितींचा!

करून पाहा : वहीतली तोफ

संगणक हे कसे करतो ते पाहायचे आहे? एक आलेखाचा कागद घ्या. गोळ्याचा आडवा वेग सेकंदाला २० मीटर आणि वरच्या दिशेचा वेगही २० मीटर धरा. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० घ्या. आता एकेक सेकंदाचे पाऊल टाका. प्रत्येक पावलात गोळा त्या क्षणीच्या वेगाने सरकवा आणि मग वरच्या वेगातून १० वजा करा.

उंची अशी येईल : ०, २०, ३०, ३०, २०, ०. गोळा पाच सेकंदांनी, १०० मीटरांवर पडला. पण तुमच्या पुस्तकातील सूत्र सांगते की तो चार सेकंदांत, ८० मीटरांवर पडायला हवा. चूक कोणाची? पावलाची! पूर्ण सेकंदभर वेग बदलतच नाही असे आपण मानले, ते खरे नव्हते. आता अर्ध्या सेकंदाची पावले टाकून तोच हिशेब करा. गोळा ९० मीटरांवर पडेल. एक दशांश सेकंदाची पावले टाकली तर ८२ मीटरांवर, आणि सेकंदाचे तीस तुकडे केले तर ८१ मीटरांच्या आतच. पाऊल जितके लहान, तितकी चूक लहान. पण हिशेबाचे कष्ट मात्र तितकेच जास्त. संगणकाला हे कष्ट जाणवत नाहीत, एवढाच काय तो फरक.

दुसरा गुण : हौद आणि तोट्या

'एका नळाने हौद चार तासांत भरतो आणि तोटीने सहा तासांत रिकामा होतो' हे गणित तुमच्या ओळखीचे आहे. या खेळाचे अर्थशास्त्र हुबेहूब तसेच आहे. 'स्टारक्राफ्ट'मध्ये रणगाडा हवा तर आधी पूर्ण किंमत मोजावी लागते, दुकानात मोजतो तशी. येथे धातू आणि ऊर्जा यांचे दोन हौद असतात. खाणी आणि वीजकेंद्रे ते सतत भरत असतात; कारखाने ते सतत उपसत असतात. आवक कमी आणि उपसा जास्त झाला की हौद कोरडा पडतो आणि साऱ्या कारखान्यांची गती मंदावते. आवक जास्त झाली तर हौद भरून वाहतो आणि वाहिलेले वाया जाते.

ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक शिकवताना आम्हां शिक्षकांची दमछाक होते. हौदात पाणी किती, ही ऊर्जा. नळातून दर सेकंदाला किती येते, ही शक्ती. ज्यूल आणि वॅट यांची गल्लत करणारा विद्यार्थी हा खेळ तासभर खेळला तर ती पुन्हा सहसा करणार नाही. वीज मिळवण्याचे मार्गही ओळखीचे आहेत : ऊन, वारा, भरती-ओहोटी, भूगर्भातील उष्णता आणि अणूंचे संमीलन. वारा पडला की पवनचक्कीची वीज घटते. सौर संग्राहकावर मारा झाला की तो पाकळ्या मिटून घेतो आणि तेवढा वेळ वीज बंद. पडलेल्या यंत्रांचे सांगाडे गोळा केले की त्यांतला धातू परत मिळतो. भंगाराला किंमत असते, हे खेळालाही ठाऊक आहे!

आता दोष

सर्वांत ठळक दोष म्हणजे गाड्यांना रस्ता सापडत नाही. वीस रणगाड्यांना पुलापलीकडे जायला सांगा. पुलाच्या तोंडाशी ते एकमेकांत अडकतात, मागे-पुढे होतात, गोल फिरतात. जहाजांची अरुंद खाडीत तर फारच त्रेधा उडते. तोफगोळ्याची अचूक वाट काढणाऱ्या संगणकाला रणगाड्याची वाट का काढता येऊ नये?

थोडा विचार करा. गोळा सुटला की त्याला काहीही ठरवायचे नसते. त्याची जागा, वेग आणि गुरुत्वाकर्षण एवढे कळले की पुढचे पाऊल निश्चित. रणगाड्याला मात्र प्रत्येक वळणावर निवड करावी लागते. जाण्याचे मार्ग असंख्य, आणि एक मार्ग निवडेपर्यंत दुसरा रणगाडा आडवा येतो. सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत डच गणिती एड्स्खर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली होती. पण ती स्थिर रस्त्यांसाठी. शेकडो गाड्या एकाच वेळी हलत असताना प्रत्येकीसाठी तो शोध पुन्हा पुन्हा करायचा, तोही तेव्हाच्या घरगुती संगणकावर, हे काम फार जड होते.

दुसरा दोषही याच मुळातून निघतो. संगणक स्वतः प्रतिस्पर्धी म्हणून खेळतो तेव्हा तो कच्चा ठरतो. त्याची प्रत्येक तोफ नियमाने मारते, पण तोफ कोठे ठेवावी याची त्याला अक्कल नसते. म्हणून हा खेळ माणसाविरुद्ध रंगतो आणि यंत्राविरुद्ध लवकर कंटाळवाणा होतो.

तिसरा दोष रचनेतला. आर्म आणि कोअर यांची यंत्रे नावे वेगळी असली तरी बरीचशी सारखी आहेत. 'स्टारक्राफ्ट'मधील तीन जमाती एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत की प्रत्येकीसाठी नव्याने शिकावे लागते. तो आनंद येथे नाही. कथाही सुरुवातीला सांगून झाली की विरून जाते. सक्तीने यंत्र बनवलेल्या माणसांचे पुढे काय, हा खरा प्रश्न खेळ विचारतच नाही. मने यंत्रात गेली आणि उरले फक्त भंगार. जेरेमी सोल यांचे भव्य वाद्यवृंद-संगीत ही उणीव काहीशी झाकते, एवढेच.

नियम कोठे मोडला?

येथवरचे दोष क्षम्य आहेत. पण एक ठिकाण असे आहे की जेथे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला गप्प बसवत नाही. या खेळात एक यंत्र नुसत्या विजेपासून धातू बनवते. दहा-वीस सौर संग्राहक उभारा, यंत्र चालू करा, आणि धातू येऊ लागतो!

ऊर्जेपासून द्रव्य बनणे मुळात अशक्य नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणाप्रमाणे वस्तुमानाला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुणले की तेवढ्या वस्तुमानाची ऊर्जा मिळते. मग हिशेब करू. एक ग्रॅम धातूसाठी ९ वर १३ शून्ये एवढे ज्यूल, म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरील सुमारे अडीच कोटी युनिट वीज लागेल. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दर चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १३६० वॅट शक्ती पडते. १०० चौरस मीटरचा संग्राहक तेथे ठेवला, रात्र कधी झालीच नाही आणि एक ज्यूलही वाया गेला नाही, असे धरले तरी एक ग्रॅम धातूला जवळजवळ २१ वर्षे लागतील. एका रणगाड्यापुरता धातू जमेपर्यंत ते चार हजार वर्षांचे युद्ध केव्हाच संपून जाईल!

गोळा मात्र प्रामाणिक आहे ना? तोही पुरता नाही. त्याला गुरुत्वाकर्षण आहे, पण हवा नाही. खेळातील सर्वांत लांब पल्ल्याच्या एका तोफेचे नाव 'बिग बर्था' आहे. या नावाची खरी जर्मन तोफ पहिल्या महायुद्धात १९१४ साली बेल्जियमच्या किल्ल्यांवर वापरली गेली. ती ४२ सेंटिमीटर व्यासाची उखळी तोफ होती आणि तिचा पल्ला सुमारे नऊ किलोमीटरच होता. १९१८ साली पॅरिसवर दुरून मारा करणारी तोफ वेगळीच. लोकांनी चुकून तिलाही 'बिग बर्था' म्हटले. खेळातली तोफ या दुसरीच्या जातीची आहे.

या पॅरिस-तोफेचा गोळा सेकंदाला सुमारे १६०० मीटर वेगाने सुटत असे. हवा नसती तर ४५ अंशांवर त्याचा पल्ला २६० किलोमीटरच्या आसपास भरला असता. प्रत्यक्षात तो सुमारे १२० किलोमीटरच होता. अर्ध्याहून जास्त पल्ला हवेने गिळला! आणि तोफेचा कोन ४५ नव्हे, तर सुमारे ५० अंश ठेवत. का? दाट हवेतून गोळा चटकन वर निघून जावा आणि विरळ हवेतून बहुतेक प्रवास व्हावा म्हणून. मूळ गणितातला 'सर्वोत्तम' कोन हवेने असा बदलून टाकला.

मग फासा बरा की नियम?

तेव्हा 'टोटल अ‍ॅनायहिलेशन' खरा आणि 'स्टारक्राफ्ट' खोटा, असे म्हणता येणार नाही. खेळ म्हणजे जगाची एक प्रतिकृती आहे, आणि प्रत्येक प्रतिकृती काही ठेवते, काही गाळते. भौतिकशास्त्रातही आपण हेच करतो. ग्रहांची गती काढताना आपण नियमाचे पाऊल पाऊल पाळतो. पण फुग्यातील वायूचा दाब काढताना एकेका रेणूचा माग काढत बसत नाही. तेथे सरासरी आणि संभाव्यता, म्हणजे एका अर्थी फासाच, उपयोगी पडतो. आपण काय गाळले आहे याची जाणीव नसणे, हा खरा दोष. तो प्रतिकृतीचा नव्हे, तर तिच्याकडे पाहणाऱ्याचा.

या खेळाचे मोठेपण एवढ्यावरून कळते की त्याची कंपनी काही वर्षांतच बंद पडली, तरी त्याची कल्पना टिकली. क्रिस टेलर यांनी २००७ साली 'सुप्रीम कमांडर' हा त्याच धर्तीचा गेम काढला. हौशी प्रोग्रामरांनी 'स्प्रिंग' नावाचे इंजिन लिहून ते सर्वांना खुले केले. त्यातील प्रत्येक ओळ कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो. गोळ्याला हवेचा अडथळा कसा द्यावा हे एखाद्या विद्यार्थ्याला सुचले, तर त्याने कोणाची परवानगी मागायची गरज नाही.

आता त्या चाचणीतल्या प्रश्नाकडे वळू. सपाट जमिनीवर ४५ अंश बरोबर आहे. माझ्या विद्यार्थ्याने गेममध्ये सपाट मैदानावर जे पाहिले ते त्या मैदानापुरते खरेच होते. पण कड्यावरून फेकलेल्या दगडाला खाली पडण्यासाठी जादा वेळ आयताच मिळतो. मग वर उडण्यावर वेग खर्चण्यापेक्षा पुढे जाण्यावर खर्चणे फायद्याचे. गुरुत्वत्वरण १० धरले तर ४५ अंशांवर दगड सुमारे ७३ मीटर जातो आणि साधारण साडेसव्वीस अंशांवर ८० मीटर. मी त्याला एवढेच म्हटले, 'आलेखाचा कागद घे, ६० मीटर उंचीवरून सुरुवात कर आणि पावले टाक.' दोन दिवसांनी तो पाच कोनांचे पाच आलेख घेऊन आला. चाचणीचे गुण बदलता येत नव्हते. पण पाचही आलेखांवर त्याने कोपऱ्यात लिहिले होते : 'हवा धरलेली नाही.'

तुम्हीही हे पडताळून पाहा. बागेला पाणी घालायची रबरी नळी घ्या. प्रथम तिचे तोंड जमिनीलगत धरून कोन बदलत जा आणि धार कोणत्या कोनाला सर्वांत लांब जाते ते कोनमापकाने मोजा. मग उंच स्टुलावर ठेवून तेच करा. दोन्ही कोन वहीत लिहा. ते वेगळे का आले, हे कोणत्याही गेमला न विचारता तुम्हांला सांगता येईल.